गरिबी स्वतः निवडलेली की पदरात पडलेली? (ऊसतोडीच्या हिशोबासकट)

बालाघाटी

‘गरीब जन्मलात तर दोष तुमचा नाही, पण गरीब मेलात तर दोष तुमचाच’ हे वाक्य दर दिवाळीला कुणीतरी पाठवतंच. खाली कुठल्यातरी अब्जाधीशाचं नाव आणि फोटो. यंदा ते आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं आणि खाली टाळ्यांची रांग लागली. मी काही लिहिलं नाही, कारण तिथे पाण्याच्या टँकरवरूनच भांडणं होतात. इथे लिहितो.

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातला, आता पुण्यात. आमच्या गावातली निम्म्याहून जास्त घरं दसरा-दिवाळीच्या सुमाराला कुलूपबंद होतात. माणसं ऊस तोडायला कोल्हापूर, सांगली, सातारा नाहीतर कर्नाटकात जातात आणि हंगाम संपून पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. कारखाना थेट मजुराला पैसे देत नाही. वाहनमालक किंवा मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, मध्ये असतो, आणि तो पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन ठेवतो. आजकाल एका कोयत्याला लाखभर किंवा त्याहून जास्त.

आता हिशोब. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली आणि तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. जोडीनं दिवसाला दीड ते दोन टन होतो. आपण दोनच धरू. १५० दिवस एकही दिवस न मोडता तोडलं, तर ३०० टन, म्हणजे १,०९,८०० रुपये. पण ‘एकही दिवस न मोडता’ असं कधी होत नाही. अवकाळी येतो, गाडी वेळेवर येत नाही, कारखाना मधेच बंद पडतो, ताप येतो. त्यात पंधरवड्याला घेतलेली खर्ची वजा. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून तेल-मीठ भागतं. हंगाम संपला की मुकादम वही काढतो आणि बहुतेकांच्या नावावर बाकी निघते. ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे.

तर माझा प्रश्न साधा आहे. यातल्या कुठल्या पायरीवर या माणसानं गरिबी ‘निवडली’?

---

स्पष्टवक्ता_मुलुंड

लेख चांगला, पण उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. उचल घेण्याच्या पायरीवर! कुणी बंदूक लावून उचल देत नाही. ती कशावर खर्च होते तेही लिहा ना. लग्न, जावळ, मोटारसायकल आणि संध्याकाळची बाटली.

माझे वडील गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो रीतसर कधी संपलाच नाही. आमच्या घरात खायचे वांधे होते. आईनं खानावळीचे डबे सुरू केले, वडील पहाटे दादरला भाजी उचलायला जायचे. दोघा भावंडांनी पालिकेच्या शाळेत शिकून पदव्या घेतल्या. आमच्याच मजल्यावरचे दुसरे काका मात्र नाक्यावर बसून ‘संप मिटेल’ म्हणत राहिले आणि दारूत गेले. परिस्थिती एकच, निवड वेगळी. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलंय.

---

शेवटचा_बाक

वाचतोय. चहा ठेवलाय.

---

गणिती

स्पष्टवक्ते, तुमच्या आईवडिलांच्या कष्टांबद्दल आदर आहेच. पण एक विचारू का? गिरणगावातली ती खोली तुमची होती ना, पागडीची? भाडं किरकोळ?

---

स्पष्टवक्ता_मुलुंड

हो. त्याचा काय संबंध?

---

गणिती

संबंध असा. गिरणी बंद पडली तरी मुंबईतलं छप्पर गेलं नाही. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, केईएम रुग्णालय जवळ, दादरचा बाजार जवळ, आणि डबे खाणारी नोकरदार माणसं आजूबाजूला. आईच्या हाताला चव होती हे खरं, पण तो डबा विकत घेणारं गिऱ्हाईकही दारात होतं. तीच बाई बीडमधल्या धारूरच्या डोंगरात डबे करायला बसली असती तर कुणाला विकले असते?

यावर बांगलादेशातलं एक मोठं काम मला फार पटतं. तिथल्या ब्रॅक या संस्थेनं २००७ पासून खेड्यांतल्या अगदी गरीब बायकांना गाय आणि तिची देखभाल करण्याचं प्रशिक्षण दिलं. सगळ्यांना मदत जवळपास सारखीच. संशोधकांनी सुमारे ६,००० कुटुंबांवर ११ वर्षं लक्ष ठेवलं. बाल्बोनी, बंदिएरा, बर्जेस, घटक आणि हाइल यांचा तो निबंध २०२२ साली आला. त्यात दिसलं असं, की ज्यांच्याकडे आधीपासून थोडंफार काही होतं, म्हणजे चारा वाहायला गाडी, गोठ्यापुरती जागा, असलं काही, त्या बायका गाय मिळाल्यावर वर चढत गेल्या. ज्यांच्याकडे तेवढंही नव्हतं त्या काही वर्षांत जवळपास पूर्वीच्याच जागी घसरल्या. गाय तीच, गावही तेच. मधे एक उंबरठा होता. त्याच्या अलीकडे असलात तर तुमची मेहनत फक्त जागेवर टिकून राहण्यात खर्च होते.

मला विचाराल तर तुमचं कुटुंब संपाच्या तडाख्यातही त्या उंबरठ्याच्या पलीकडेच होतं. आणि दारूत गेलेले काकासुद्धा. म्हणून तुमच्या मजल्यावर निवडीनं फरक पडला. जिथे निवडीनं फरक पडतो, तिथपर्यंत पोचणं हीच मुळात मोठी गोष्ट आहे.

---

स्पष्टवक्ता_मुलुंड

म्हणजे आमचं श्रेय पागडीच्या खोलीला. वा! बाकी रोजगार हमी आहे की. गावात राहून काम करा, मुलांना शाळेत घाला. नाही गेलं ऊस तोडायला तर काय बिघडतं? आणि त्या रोजगार हमीसाठी माझ्या पगारातून दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर जातो, हेही लिहा कुठेतरी.

---

बालाघाटी

लिहितो, आणि मनापासून लिहितो. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकारानं रोजगार हमी राज्यभर आली. पुढे १९७७ साली कायदा झाला, १९७९ मध्ये लागू झाला, आणि शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊन खेड्यातल्या माणसाला काम द्यायचं असं ठरलं. पुढे २००५ साली दिल्लीनं जो कायदा केला, त्याच्या कितीतरी आधी. माझ्या आजोबांनी ७२ ला खडी फोडली, सुकडी खाल्ली. ती योजना नसती तर हा धागाही नसता.

पण रोजगार हमी आणि उचल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २९७ रुपये होता. हातात पडेपर्यंत किती आठवडे जातील ते गावातल्या कुणालाही विचारा. समजा रोज मिळाले, वेळेवर मिळाले, तरी ती रोजची मजुरीच मिळते, एकरकमी लाख मिळत नाहीत. आणि गरिबाच्या घरात अडतं ते एकरकमीपाशी. आईचं ऑपरेशन, पोरीचं लग्न, पडलेली भिंत, आधीच्या सावकाराची बाकी. बँक त्याला दारात उभं करत नाही. जुलै महिन्यात त्याच्या दारात लाख रुपये घेऊन येणारा माणूस एकच असतो, तो मुकादम. बदल्यात तारण काय? पुढच्या सहा महिन्यांचं अंग.

तुम्ही म्हणता बंदूक नाही. बरोबर आहे, नाही.

---

शिरोळचा_मळा

नमस्कार मंडळी. मी दुसऱ्या बाजूचा, कोल्हापूरकडचा. आमचा ऊस आणि एक ट्रॅक्टर कारखान्याला लावलेला. आमचंही ऐका की जरा.

इथं सगळे मुकादम आणि वाहनमालक म्हणजे राक्षस असल्यागत बोलताय. मी दोन वर्षांमागं तोडणी मजुरांच्या एका टोळीसाठी सात-आठ लाख दिले. निम्मे माझे, निम्मे कर्जाऊ. हंगामाच्या तोंडाला मुकादमाचा फोन बंद. गावी गेलो तर टोळी दुसऱ्याच कारखान्याला गेलेली, दोघांकडनं उचल घेऊन. पोलिसात गेलो तर कागद काय आहे विचारतात. कागद काय असणार, नोटरी केलेला एक स्टँप. आमच्या भागात असे बुडालेले ढिगानं सापडतील. काहींनी ट्रॅक्टर विकले. मग ती पण निवडच न्हवं का? एकाचे पैसे घेऊन दुसऱ्याकडं जायचं?

आणि कष्टाचं म्हणाल तर आमच्या आजोबांनी पण पाटपाण्यावर रात्री काढल्यात.

---

बालाघाटी

दादा, तुमचे पैसे बुडाले ते वाईटच झालं, आणि आमच्याकडचे काही मुकादम हा धंदाच करतात हे मी नाकारत नाही. तोडणारी माणसं मात्र अनेकदा या दुसऱ्या उचलीबद्दल काही जाणतही नाहीत. मुकादम सांगेल त्या ट्रकमध्ये बसतात.

पण तुमच्या आजोबांचा विषय निघालाच आहे तर बोलू. रात्री पाणी धरायला आधी पाणी लागतं. शाहू महाराजांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला राधानगरीचं धरण हाती घेतलं. वर सह्याद्रीचा पाऊस, खाली पंचगंगेचं खोरं, मग पाणीपुरवठा संस्था, सहकारी कारखाने. तुमच्या आजोबांनी कष्ट केले आणि त्या कष्टाला उसाचा भाव मिळाला. माझ्या आजोबांनी तेवढेच कष्ट मुरमाड माळावर केले, बाजरी पिकली तर पिकली. दोघांनीही आपापलं गाव निवडलेलं नव्हतं.

---

माजलगावकर

थांबा, बालाघाटी. बीडमध्ये पाणी नाही हे सरसकट चुकीचं. माजलगाव धरण आहे, जायकवाडीचं पाणी त्यात येतं, कालव्याखाली ऊस आहे, जिल्ह्यात कारखाने आहेत. जिल्ह्यातला ऊस तोडायला पुन्हा बाहेरून माणसं येतात! मुळात आपल्या पुढाऱ्यांना मजूर बाहेर गेलेलाच बरा वाटतो. दर काही वर्षांनी संप, मग लवाद, मग टनामागे वाढ, मग सत्कार. यात परिस्थिती कुठली आणि कुणी कुणासाठी केलेली निवड कुठली, हे पण बघा.

---

बालाघाटी

मान्य. मी डोंगरपट्ट्याबद्दल बोलत होतो. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार. तिथे कालवा चढत नाही.

---

रातपाळी

मी नर्स आहे. मराठवाड्यात बरीच वर्षं काम केलंय. पुरुषमंडळी लाख आणि टनाचा हिशोब करताहेत तोवर मी एक भर घालते.

कोयता जोडीचा असतो म्हणजे बाईनं एक दिवस काम नाही केलं की जोडीचा खाडा. खाड्याचे पैसे कापतात, काही ठिकाणी दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त. मग पाळीचे दिवस, अंगावरून जाणं, बाळंतपण, या सगळ्याचं काय करायचं? फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, संडास नाही, कोपीत, म्हणजे राहायच्या झोपडीत, न्हाणी नाही. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या आणि अंधारात फडात जायचं. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, सातव्या महिन्यातसुद्धा.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाहणीतल्या दर सहा बायकांमागे एक! त्यात तिशीच्या आतबाहेरच्या कितीतरी. नंतर खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू केली.

आता त्या प्रत्येकीच्या केसपेपरवर संमतीची सही किंवा अंगठा आहे. म्हणजे कागदोपत्री तिनं निवडच केली. मी अशा बायकांना विचारलंय. ‘पिशवी काढली की कटकट मिटते’ असं सांगतात. डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातलेली असते, दोन लेकरं झालेली असतात, आणि ऑपरेशनचा खर्च कशातून? उचलीतून. त्यानंतर चाळिशीच्या आत कंबर धरते, हाडं दुखतात, आणि तोडणी अर्ध्यावर येते.

स्पष्टवक्ता, तुमच्यावर राग नाही. पण बाटलीचा मुद्दा लिहिताना बाटली कोण पितो आणि खाडा कोण भरतो, हेही लिहीत जा.

---

शेवटचा_बाक

चहा गार झाला.

---

कोपीतला

इथं पहिल्यांदाच लिहितोय. मी ऊसतोड कामगाराचाच मुलगा. सध्या सरकारी नोकरीत आहे, कुठल्या ते राहू द्या.

माझ्यासारख्याचं उदाहरण देऊन लोक म्हणतात, बघा, जिद्द असली की होतं. नोकरी लागली तेव्हा गावात बॅनर लागला होता माझा. त्या बॅनरवर जे नव्हतं ते सांगतो. आम्ही तिघं भावंडं. मोठा भाऊ माझ्यापेक्षा हुशार, पाढे त्यानंच शिकवले मला. पण तो मोठा होता तेव्हा घरात बैलजोडी होती आणि आजी आजोबांबरोबर टोळीतच असायची. आईबाप फडात गेले की कोपीपाशी बैल आणि लहान भावंडं सांभाळायला कुणीतरी लागायचं. तो सांभाळायचा. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. माझ्या वेळेला आजीचे गुडघे गेले म्हणून ती गावातच राहिली. घरात भाकरी करून घालणारं माणूस झालं, म्हणून मी सहा महिने गावच्या शाळेत टिकलो. आजीचे गुडघे पाच वर्षं आधी गेले असते तर आज भाऊ नोकरीत असता आणि मी कोयता घेऊन. एक घर, एक आईबाप. जिद्द त्याच्यात माझ्यापेक्षा जास्तच आहे.

आता आमच्याच लोकांवर बोलतो, कारण ते इथं कुणी नीट लिहिलं नाही. उचल लग्नात उडते हे खरं आहे. मला त्याचा संताप येतो. माझ्या बहिणीच्या लग्नात अख्ख्या भावकीला जेवण घातलं, त्याची बाकी आईबापानं दोन हंगाम फेडली. मी भांडलो होतो. बाप म्हणाला, आपण आजारी पडलो, बैल मेला, तर ही भावकीच धावून येते, बँक येत नाही. तिला एक दिवस जेवायला नाही घातलं तर उद्या कोण येईल? माझ्याकडं त्याला उत्तर नव्हतं. अजूनही मला तो खर्च पटत नाही. पण त्याला उधळपट्टी म्हणायची जीभ होत नाही.

आणि पोरींची लग्नं लवकर का करतात? एक कारण असं की दोघांचं लग्न झालं की पुरा कोयता होतो आणि पुरी उचल मिळते. हे तर गुन्हाच आहे, आणि तो आमच्यातलेच लोक करतात.

---

गणिती

कोपीतला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

डोक्यावर बाकी असताना माणूस नीट विचारच करू शकत नाही, याचा एक अभ्यास उसाशीच जोडलेला आहे. २०१३ मध्ये मणी, मुल्लाइनाथन, शफीर आणि झाओ यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांना एकाच प्रकारच्या चाचण्या दोनदा दिल्या. एकदा तोडणीआधी, हात तंगीत असताना. एकदा तोडणीनंतर, उसाचे पैसे आल्यावर. तीच माणसं, तीच डोकी. तंगीच्या वेळी कामगिरी कमी, पैसे आल्यावर चांगली. याच निबंधातल्या अमेरिकेतल्या प्रयोगावर नंतर वाद झाले, म्हणून मी त्यावर सगळा इमला बांधणार नाही. पण ‘गरीब लोक चुकीचे निर्णय घेतात म्हणून गरीब असतात’ या वाक्यातली कारण आणि परिणामाची अदलाबदल त्यातून नीट दिसते.

---

स्पष्टवक्ता_मुलुंड

कोपीतला यांचं वाचून थोडा वेळ काही लिहिलं नाही. भावाबद्दल वाईट वाटलं.

तरी माझा मुद्दा मी सोडत नाही. सगळं परिस्थितीवर टाकलं तर माणसाला करण्यासारखं काय उरतं? उद्या माझ्या मुलाला मी काय सांगू, बाबा रे, तू आपल्या नशिबाने मुलुंडमध्ये जन्मलास, आता काही करू नकोस? माझ्या आईला कुणी म्हणालं असतं की तू परिस्थितीची बळी आहेस, तर तिनं त्याला डब्यासकट हाकललं असतं.

---

रातपाळी

तुमच्या आईंना नमस्कार सांगा. पण इथे कुणी ‘काही करू नका’ म्हटलेलं नाही. पहाटे तीनला उठणाऱ्या बाईला ‘काहीतरी कर’ असं सांगणं मला तोंडाने जमत नाही, एवढंच. मुलाला जिद्द सांगा, जरूर सांगा. दुसऱ्याच्या गरिबीचं कारण सांगताना तेच वाक्य वापरू नका.

---

शिरोळचा_मळा

हे सगळं वाचलं. एक सांगतो, दहा-पंधरा वर्षांत हा विषयच संपंल. हार्वेस्टर आलेत. सरकारनं २०२३ मध्ये ४० टक्के अनुदान जाहीर केलं, ३५ लाखांपर्यंत. यंत्राची किंमत कोटीच्या घरात, पण टोळीची कटकट नाही, उचल नाही, फोन बंद नाही. आमच्या गावात दोन फिरत्यात. मग कोयत्याचं काय?

---

माजलगावकर

हाच खरा प्रश्न. कोयत्याची जागा घेणाऱ्या यंत्राला अनुदान आहे. कोयता सोडून दुसरं काही करू पाहणाऱ्याला काय आहे? ऊसतोड कामगारांचं कल्याण महामंडळ आहे, गोपीनाथ मुंडेंच्या नावाचं. त्यासाठी टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घ्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे असं ठरलंय. मुलांसाठी वसतिगृहं जाहीर झालीत. तालुक्याला जाऊन बघा, कुठं भाड्याच्या इमारतीत आहे, कुठं फलकच आहे.

---

बालाघाटी

वसतिगृह हाच माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा आहे. कोपीतला यांच्या आजीनं जे केलं, ते सरकारला करता येतं. मूल सहा महिने गावात राहील, दोन वेळा जेवेल, शाळेत जाईल. पूर्वी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा होत्या, पण फडावरून दमून आलेल्या घरात, धाकटं भावंड कडेवर असताना, तिथे पोर किती टिकणार? गावातच राहण्याची सोय हवी.

कोपीतला, भाऊ या हंगामाला गेलेत का?

---

कोपीतला

गेलाय. कर्नाटकात. मी नको म्हणालो होतो, पैसे मी देतो म्हणालो. तो म्हणाला, तुझे पैसे एक वर्ष येतील, मुकादम दर वर्षी येतो. त्याची दोन्ही पोरं मात्र यंदा माझ्याकडं आहेत, शाळेत घातलीत.

त्याचं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र अजून झालेलं नाही. महामंडळाच्या योजनांना ते लागतं आणि ते ग्रामसेवकानं द्यायचं असतं. आमच्याकडं ग्रामसेवक म्हणतात, माणूस समोर हवा. माणूस तर एप्रिलपर्यंत फडात. कुणी हंगाम चालू असताना करून घेतलं असेल तर कसं केलं ते इथंच लिहा.

---

माजलगावकर

आमच्या शेजारच्या गावात मागच्या पावसाळ्यात ग्रामसभेत यादी वाचून एकदम सगळ्यांचं केलं, टोळ्या निघायच्या आधी. आता हंगामात अवघड आहे, तरी पंचायत समितीत विचारतो आणि उद्या सांगतो. गाव कुठलं ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा.